अडॅप्टर घेताना आतले अंतर कोण पाहणार?

महोदय,

मोबाइल, राउटर किंवा सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर बिघडला की ‘पिन बसते ना’ एवढे पाहून आपण दुसरा घेऊन येतो. अशा उपकरणांच्या दुरुस्तीचे छोटे दुकान चालवत असल्यामुळे या सवयीचे परिणाम रोज पाहतो, म्हणून हे पत्र.

मध्यंतरी एक गृहस्थ हातगाडीवरून 120 रुपयांना घेतलेला चार्जर घेऊन आले. चार्जिंगला लावलेल्या फोनला हात लागला की झिणझिण्या येतात, अशी त्यांची तक्रार होती. चार्जर उघडला, तर आतल्या सर्किट बोर्डच्या खालच्या बाजूस 230 व्होल्टची तांब्याची पट्टी आणि फोनकडे जाणारी 5 व्होल्टची पट्टी यांच्यात जेमतेम एक मिलिमीटर जागा होती. चांगल्या चार्जरमध्ये हे अंतर पाच-सहा मिलिमीटर असते आणि पुष्कळदा तेथे बोर्डला आरपार खाचही पाडलेली असते, कारण दमट हवेत साचलेली धूळसुद्धा विजेला वाट करून देते.

पूर्वी रेडिओला लावायचा ‘एलिमिनेटर’ अनेकांना आठवत असेल. त्यात लोखंडी पत्र्यांचा जड ट्रान्सफॉर्मर आधी व्होल्टेज उतरवत असे आणि मग डायोड व कपॅसिटर हे भाग एसीचे (दिशा बदलत राहणाऱ्या विजेचे) डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) करत. आजच्या अडॅप्टरमध्ये क्रम उलटा आहे. घरातील 230 व्होल्ट एसीचे आधी थेट सुमारे 325 व्होल्ट डीसी होते, एक इलेक्ट्रॉनिक स्विच ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि मग ते फेराइट या चुंबकीय पदार्थाचा गाभा असलेल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून उतरवून पुन्हा डीसी केले जाते. चालू-बंद होण्याचा वेग वाढला की ट्रान्सफॉर्मर लहान चालतो. एलिमिनेटरची वीट जाऊन काडेपेटीएवढा चार्जर आला तो यामुळे. मात्र त्या काडेपेटीत 325 व्होल्ट आणि आपला हात यांच्यामध्ये उरते ती केवळ ही मोकळी जागा आणि ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांमधील चिकटपट्टी. घरच्या विजेची बाजू आणि फोनची बाजू या दोन्हींमध्ये तारेची थेट जोडणी नसते. शक्ती चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते आणि ‘व्होल्टेज जास्त झाले’ हा निरोपसुद्धा बहुधा प्रकाशाच्या ठिपक्याने उलट पाठवला जातो. स्वस्त मालात पैसे वाचवले जातात ते नेमके येथेच.

धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपवरून हात फिरवताना जाणवणाऱ्या हलक्या झिणझिण्या मात्र चांगल्या अडॅप्टरनेही येऊ शकतात. स्विचच्या वेगवान चालू-बंदमुळे उठणारा विजेचा गोंगाट दाबण्यासाठी या दोन्ही बाजूंमध्ये एक खास कपॅसिटर मुद्दाम जोडलेला असतो, त्यातून अत्यल्प प्रवाह झिरपतो. तो कपॅसिटर प्रमाणित असेल तर भीती नाही. हातगाडीवरच्या त्या चार्जरमध्ये मात्र त्या जागी प्रमाणनाची कसलीही खूण नसलेला साधा कपॅसिटर होता, आणि तसा कपॅसिटर शॉर्ट झाला तर घरची वीज थेट फोनच्या बॉडीवर येते.

दुसरा गैरसमज अँपिअरचा. 1 अँपिअरच्या राउटरला 2 अँपिअरचा अडॅप्टर लावला तर राउटर जळेल, असे ग्राहक हमखास म्हणतात. तसे होत नाही, कारण उपकरण आपल्याला लागेल तेवढाच प्रवाह घेते. जळते ते व्होल्टेज चुकल्याने: 12 व्होल्टचा आणि 5 व्होल्टचा गोल जॅक पुष्कळदा एकाच मापाचा असतो, तो सहज आत जातो आणि उपकरण कायमचे बंद पडते. अधिक-उणेची बाजूही जुळावी लागते.

अडॅप्टरची भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी सक्तीची आहे आणि त्यावर ‘आर’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो, जो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. पण तो मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात, राखाडीवर राखाडी छापलेला असतो. चाळिशी लागलेल्या माणसाने तो दुकानात उभे राहून वाचावा कसा? हा क्रमांक आणि व्होल्टेज ठळक अक्षरांत, वेष्टनावर मराठीतही छापणे बंधनकारक करावे आणि क्रमांक नसलेला माल विकणाऱ्यांवर, मग ते ऑनलाइन विक्रेते का असेनात, कारवाई व्हावी, अशी विनंती आहे.

त्या गृहस्थांच्या संमतीने त्या चार्जरच्या पिना मी कापून टाकल्या. तसाच भंगारात दिला असता, तर तो पुन्हा कोणत्या तरी हातगाडीवर दिसला असता.

– एक वाचक, मिरज