पाव दराचा फोन

वेंगुर्ले

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

परवा मी थेट हॉटेलच्या नंबरावर फोन लावला, ती माझी चूक. तुझी आई नको म्हणत होती. पण आजीचं प्रेशर चढलेलं, डॉक्टर म्हणाले सावंतवाडीला हलवा, तुझा मोबाईल बंद, व्हॉट्सअॅपचा कॉल दुबईत चालत नाही. दुसऱ्या रिंगला तू उचललास. आवाज तुझाच, पण कोणा परक्या बाईचा वाटला. इंग्रजीत हॉटेलचं नाव, काय मदत करू वगैरे. मी "बाय गो" म्हटलं तर गप्पच झालीस. मग हळूच, "बाबा, ड्युटीवर आहे, लाईन अडवू नका." राग आला नाही. (आला होता, तासभर.)

आजी बरी आहे. मीठ बंद केलंय, म्हणून सुक्या बांगड्याच्या डब्याभोवती फिरते.

पण तुझा आवाज बसलेला होता. झोपतेस ना? लागोपाठ किती रात्री लावल्यात तुला? दिवसा झोपायचं तर खिडकीला जाड पडदा लाव, ड्युटी संपताना चहा घेऊ नको, खोलीतल्या त्या मुलींना स्पष्ट सांग की दुपारी बडबड नको. तुला स्पष्ट बोलता येत नाही, आईवर गेलीस. बघ, लागलो शिकवायला. सोडून दे.

खरं तर तुझ्या कामातलं मला थोडं कळतं. बाजारातला आपला एसटीडी बूथ आठवतो? पिवळा बोर्ड, काचेचं दार, पळणारे लाल आकडे. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून मुंबईला बोलायला तेव्हाच रांग लागायची, आणि तू काउंटरखाली जुन्या डिरेक्टऱ्यांवर डोकं ठेवून झोपायचीस. आई ओरडायची, पोरीला घरी आण. तू हलायची नाहीस. कोण आत रडलं, कोणाचे पैसे आले नाहीत, सगळं कानावर पडायचं, पण बाहेर एक शब्द गेला नाही. तू म्हणालीस ना, कोणी कितीही मोठं नाव सांगितलं तरी पाहुण्याचा खोली नंबर द्यायचा नाही, फक्त जोडून द्यायचं? ते मी टपरीवर सगळ्यांना सांगितलं. दोनदा.

आणि ते पहाटेचे वेक-अप कॉल. तिथे चार म्हणजे इथे साडेपाच, मी न्हाणीघराची चूल पेटवत असतो. मनात येतं, आता माझी मुलगी कुठल्या तरी साहेबाला उठवतेय. छाती फुगते. मग लगेच वाटतं, तिला कोण झोपवतंय? परत तेच. आई म्हणते, पत्रात झोपेचा विषय काढू नका.

दादाच्या बोटीचं अजून तसंच आहे. त्यावर लिहीत नाही. पैसे पाठवू नकोस, जादा ड्युटी घेऊन तर मुळीच नको.

पत्र धाकट्या काकांबरोबर देतोय. सोबत कोकमं, तिरफळं आणि मसाला. मसाल्यात या वेळी खसखस नाही, तिकडे बंदी आहे, त्यामुळे चव कमी लागली तर आईला नावं ठेवू नकोस.

हॉटेलवर आता फोन करणार नाही. तू दुपारी झोपून उठलीस की एक मिस्ड कॉल दे. मी उचलणार नाही.

तुझा,
बाबा