शिकवणाऱ्या फौजींची दखल घ्या: संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

मी लालबागचा. महापालिकेच्या शाळेत ३१ वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालो. मुलगा आज लष्करात कॅप्टन आहे. पण हे पत्र त्याच्याबद्दल नाही, त्याला रात्री चालायला शिकवणाऱ्या एका मेजरसाहेबांबद्दल आहे. त्यांचं नाव मी लिहीत नाही, मुलाने जिथे अधिकारी होण्याचं शिक्षण घेतलं त्या लष्करी अकादमीचंही नाही. त्यांच्यासारखी माणसं इतर अकादम्यांतही असणार आणि माझी विनंती त्या सगळ्यांसाठी आहे.

मुंबईच्या मुलाला अंधार ठाऊक नसतो, साहेब. चाळीच्या जिन्यात रात्रभर बल्ब, रस्त्यावर दिवे, आकाशसुद्धा पिवळट. माझ्या मुलाने ध्रुवतारा पाहिला तो पुस्तकातल्या चित्रात. अशा मुलाच्या हातात दिशा मोजायचा प्रिझमॅटिक कंपास आणि १:५०,००० चा नकाशा दिला आणि रात्री अनोळखी माळावर सोडलं. तो चुकला. दुसऱ्या वेळीही चुकला. परीक्षांत असं वारंवार झालं की कॅडेटला एक टर्म मागे ठेवतात, त्याला तिथे 'रेलिगेशन' म्हणतात. त्या एका शब्दाने आमच्या घरात महिनाभर कुणाला धड झोप लागली नाही.

चुकलेल्या मुलांना रगडा, म्हणजे शिक्षेची कवायत, देऊन मेजरसाहेब मोकळे झाले असते तरी कुणी त्यांना जाब विचारला नसता. त्यांनी प्रत्येकाला एक वही आणायला लावली. रात्रीच्या चालीनंतर सकाळी त्यात एकच गोष्ट लिहायची: मनात पहिली शंका कुठे आली? वाट कुठे हरवली ते नको, शंका कुठे आली ते लिहा. त्या सगळ्या वह्या त्यांनी स्वतः वाचल्या. कंपास धरण्यात फारसं कुणी चुकतच नव्हतं, असं त्यातून निघालं. मुलं डोंगराची पुढे आलेली सोंड आणि दोन सोंडांमधली खोलगट घळ यांत गल्लत करत होती. नकाशावर दोन्हींच्या समोच्च रेषा सारख्याच टोकदार वळतात, फरक असतो तो उंच बाजू कोणती याचा. शिवाय चढावर पाऊल आखूड पडतं, म्हणून पावलं मोजून काढलेलं अंतर फसत होतं.

मग रविवारी दुपारी, स्वतःच्या सुटीच्या वेळात, त्यांनी मुलांकडून मातीची टेकडी करून घेतली आणि तिच्यावर लोटाभर पाणी ओतलं. पाणी जिथे जमून वाहतं ती घळ, जिथे दोन्ही अंगांना फाकतं ती सोंड. मुलाने हे फोनवर सांगितलं तेव्हा मी काही बोलूच शकलो नाही. माझी सगळी नोकरी फळ्यावर खडूने या रेषा काढण्यात गेली, आणि त्या इतक्या सोप्या करून दाखवणारा माणूस माझ्या मुलाला फौजेत भेटला.

त्यांच्या जोडीला एक हवालदार होते. मुलं त्यांना उस्ताद म्हणत. संध्याकाळी उजेड सरत असताना ते मुलांना टॉर्चशिवाय चालवत. शंभर मीटरला सपाटीवर आपली किती पावलं पडतात, चढावर किती, उतारावर किती, हे ज्याचं त्याने वहीत लिहून पाठ करायचं. पुढच्या परीक्षेत माझा मुलगा पास झाला. त्याच्याबरोबर मागे पडलेली मुलंही पास झाली.

दोन वर्षांनी शेजारच्या चाळीतला एक मुलगा त्याच अकादमीत गेला. सुटीत आला तेव्हा मी उत्सुकतेने वहीबद्दल विचारलं. त्याने असं काही ऐकलंच नव्हतं. मधल्या काळात मेजरसाहेबांची बदली झाली होती, उस्तादही आपल्या पलटणीत परतले होते. त्यांच्यामागे ती टेकडी पावसात विरघळून गेली. मला दुःख आहे ते याचं. दोन-तीन वर्षांनी बदली होणार, हे फौजेत चालायचंच. पण माणसाबरोबर त्याने शोधलेली रीतही निघून जावी, हे मला पटत नाही.

आमच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांनी क्रिकेट खेळणारी मुलं घडवली. सरकारने १९८५ मध्ये प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू केला आणि १९९० मध्ये तो आचरेकर सरांना दिला. चांगल्या शाळामास्तरांचा ५ सप्टेंबरला राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव होतो. सैन्यात १९६० पासून विशिष्ट सेवा पदक आहे, सेनाप्रमुखांचं प्रशंसापत्र आहे, आणि प्रशिक्षणातल्या कामासाठीही ती मिळू शकतात, हे मी जाणतो. तरीही फक्त शिकवण्यासाठी, आणि हवालदारापासून कर्नलपर्यंत सर्वांना एकाच मापाने मिळेल, असा एक सन्मान असावा असं मला मनापासून वाटतं. सॅम माणेकशा महूच्या इन्फंट्री स्कूलचे आणि पुढे वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजचे कमांडंट होते. आपल्याला त्यांचं १९७१चं युद्ध तेवढं आठवतं.

आजच हे लिहिण्याला आणखी एक कारण आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) २०२२ मध्ये मुली दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ रोजी त्यांच्यातल्या पहिल्या १७ जणी पदवी घेऊन बाहेर पडल्या. खेड्यातल्या, मराठी शाळेतल्या मुलांनाही आता फौजेत जावंसं वाटतं. या प्रत्येकाची अडचण वेगळी, आणि ती आधी दिसते मैदानावर उभ्या असलेल्या उस्तादाला. तो पदरची सुटी खर्च करून उपाय काढतो.

या सन्मानासाठी नावं वरिष्ठांकडून तर मागवाच, पण युनिटमध्ये दोन-तीन वर्षं काढलेल्या तरुण अधिकाऱ्यांनाही विचारा. अकादमीत असताना कॅडेट मोकळेपणाने बोलणार नाही. सीमेवर एक हिवाळा काढला की कुणाचं शिकवणं उपयोगी पडलं ते त्याला नेमकं कळलेलं असतं. आणि ज्याला सन्मान द्याल त्याची रीत पारखून, लिहून, त्याच्या जागी येणाऱ्याच्या हाती सोपवा. पदकापेक्षा मला याचीच निकड जास्त वाटते. माझी खात्री आहे, मेजरसाहेबांनाही तेच आवडेल.

मुलाची ती वही माझ्याकडे जपून ठेवलेली आहे. ४० पानी आहे, कोपऱ्यांना अजून माती लागलेली आहे. आपल्या कार्यालयाने कळवलं, तर तिची प्रत स्पीड पोस्टाने पाठवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
लालबाग, मुंबई