रिळाच्या खोक्यावरचे आकडे आणि खारं पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत गोड्या आणि खाऱ्या अशा दोन्ही पाण्यांत चालेल असं दणकट बेटकास्टिंग रीळ (काठीच्या वर बसणारं, फेकताना दोऱ्याची फिरकी स्वतः फिरणारं) कसं निवडावं, यावरचा लेख वाचला. गळाच्या मासेमारीला मराठी वर्तमानपत्रात अर्धं पान मिळालं, याचा मनापासून आनंद झाला. पण त्यातल्या दोन सल्ल्यांमुळे वाचकांचं नुकसान होईल असं वाटतं, म्हणून हे पत्र. पहिला सल्ला, जितकी जास्त बेअरिंगं तितकं रीळ चांगलं. दुसरा, समुद्रावरून आल्यावर रीळ नळाच्या जोरदार धारेखाली धरून धुवावं.

मी निवृत्त फिटर आहे. यंत्रं उघडण्यात आणि जोडण्यात माझी 34 वर्षं गेली, आणि गळाचा नाद तर त्याहून जुना. माझं एक रीळ याच दोन समजुतींपायी गेलं. दहा बेअरिंगांचं होतं, खोक्यावर कमाल ड्रॅग (माशाची ओढ धरायची ताकद) 14 किलो छापलेला. प्रत्येक फेरीनंतर मी ते नळाखाली धरत असे. दोन हंगाम बरे गेले. तिसऱ्या वर्षी हँडल फिरवताना आत वाळू दळली जातेय अशी खरखर यायला लागली. टेबलावर जुना पेपर पसरून ते उघडायला घेतलं, तर बाजूच्या झाकणाचा एक स्क्रू हलेचना. स्क्रू स्टेनलेसचा, चौकट ॲल्युमिनियमची आणि मध्ये खारट ओल. दोन वेगळे धातू मीठपाण्यात एकमेकांना टेकले की त्यांची छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात खाल्लं जातं ते ॲल्युमिनियम. स्क्रू शेवटी ड्रिल करून काढला, तेव्हा आट्यांतून पांढरी भुकटी पेपरवर सांडली. हँडल उलटं फिरू न देणारं रोलर बेअरिंग आतून तांबूस झालं होतं. आणि त्या दहापैकी चार बेअरिंगं हँडलच्या दोन मुठींत बसवलेली होती! मासा लागल्यावर खरा भार येतो तो स्पूलच्या, म्हणजे दोरा गुंडाळायच्या फिरकीच्या, दोन टोकांवर आणि मुख्य गिअरच्या शाफ्टवर. तिथे चांगली, दोन्ही बाजूंनी झाकलेली बेअरिंगं असतील तर पाच-सहासुद्धा पुरतात.

ड्रॅगबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण लेखात तो एका ओळीत उरकला आहे. ड्रॅग म्हणजे रिळाचा क्लच. मासा ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढायला लागला की तो दोरा सुटू देतो. 50 पौंडी ब्रेडेड (विणलेला) दोरा साधारण 22.7 किलोला तुटतो. ड्रॅग लावायचा तो याच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे साडेपाच ते साडेसात किलो. मग 14 किलोचा आकडा कशासाठी मिरवायचा? काठीच्या टोकाला ताणकाटा (वजनाचा स्प्रिंगकाटा) अडकवून कुणी पाच किलोचा ताण पाच मिनिटं धरून बघावा, दंड भरून येतात. शिवाय दोरा जसजसा बाहेर जातो तसतसा स्पूलवरचा वेढा लहान होतो आणि तेवढ्याच कसलेल्या ड्रॅगचा ताण वाढतो. वेढ्याचा व्यास निम्मा झाला की ताण दुप्पट.

त्यामुळे किती किलो यापेक्षा किती मऊ सुटतो, हे बघायला हवं. खाडीच्या तोंडाशी एका रात्री मला जिताडा लागला होता. हा मासा नदीतही राहतो आणि खाऱ्या पाण्यातही, म्हणजे दोन्ही पाण्यांच्या रिळाची खरी परीक्षा. पहिल्याच धावेला ड्रॅग अडला, सुटला, पुन्हा अडला. प्रत्येक अडण्याला काठीचं टोक खाली जात होतं. तिसऱ्या झटक्याला दोरा तुटला आणि काठी एकदम हलकी झाली. ते हलकेपण अजून हातात आहे. ड्रॅगमधलं वॉशर (दाबून घासणारी चकती) जागचं सुटायला जास्त जोर लागतो आणि सुटल्यावर कमी, हा फरक जितका मोठा तितके झटके मोठे. कार्बन फायबरचे वॉशर आणि त्यांना योग्य ते ग्रीस असेल तर हा फरक बराच कमी होतो. विकत घेण्याआधी दोऱ्याला ताणकाटा लावून सावकाश ओढा. काटा एका जागी स्थिरावला तर रीळ घ्या, नाचायला लागला तर परत ठेवा.

हे यंत्र मुळात घड्याळजींच्या हातून आलं आहे. केंटकीच्या जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने 19व्या शतकाच्या सुरुवातीला हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे अनेक फेरे करणारं रीळ बनवलं. स्वीडनची आबू कंपनीही 1921 मध्ये घड्याळांसाठीच निघाली होती. त्यातले दात घड्याळासारखेच नेमके बसावे लागतात, म्हणून मी चौकटीवर अडून बसतो. भार आल्यावर चौकट जराशी जरी वाकली, तरी गिअरचे दात नीट बसत नाहीत आणि मग झीज थांबत नाही. एकसंध ॲल्युमिनियमची, ॲनोडाइझ केलेली (गंज रोखणारा थर चढवलेली) चौकट आणि पितळी मुख्य गिअर असावा. वजन वाढेल, ते सोसावं.

गिअरच्या गुणोत्तराचा आकडाही एकटा फसवतो. 6.2 चं रीळ (हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे 6.2 फेरे) आणि वेढ्याचा व्यास 40 मिमी असेल, तर एका फेऱ्यात सुमारे 78 सेंमी दोरा येतो. 5.3 चं रीळ पण व्यास 50 मिमी असेल, तर 83 सेंमी. जड आमिष खोलातून ओढायचं असेल तर मी पहिलंच घेईन, कारण एका फेऱ्यात दोरा कमी येतो आणि हाताला जोरही कमी लागतो. ब्रेडेड दोऱ्याखाली नायलॉनच्या तंगूसचे काही वेढे आधी घ्यावेत, नाहीतर सगळा दोरा गुळगुळीत स्पूलवर घसरतो. फेकताना स्पूलचा वेग आवरणारा ब्रेक चुंबकी असो वा केंद्रोत्सारी, फेकीतला गुंता शेवटी स्पूलवरचा अंगठाच अडवतो. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

आता धुण्याबद्दल. जोरदार धार मीठ काढत नाही, फटींतून आत ढकलते. रीळ बादलीत बुडवून ठेवणंही तितकंच वाईट. आधी ड्रॅग घट्ट कसावा, म्हणजे वॉशरपर्यंत पाणी जात नाही. मग गोड्या पाण्याचा हलका फवारा, नाहीतर ओलं फडकं. झटकून, पुसून सावलीत वाळवावं. वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवावा, म्हणजे वॉशर दबून राहत नाहीत. दोरा सारखा पसरवणाऱ्या आडव्या स्क्रूला तेलाचा एक थेंब द्यावा, आणि रोलर बेअरिंगला जाड ग्रीस कधीही लावू नये. त्यातले रोलर चिकटले की ऐन ओढीत हँडल उलटं फिरतं.

पुरवणीतला लेख कापून ठेवणारे वाचक असतात, मीही ठेवतो. म्हणून एवढीच विनंती, की निदान हा धुण्याचा भाग पुढच्या रविवारी त्याच पानावर दुरुस्ती म्हणून छापावा.

आपला,
एक नियमित वाचक