सर्पगंधेची चौकट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला सेरोटोनिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनावरचा लेख वाचला. केळी खा, उन्हात बसा, इथवर ठीक. केळ्यातलं सेरोटोनिन मेंदूपर्यंत पोचत नाही, पण केळं खाऊन कुणाचं वाईटही होत नाही. राग आला तो शेवटच्या चौकटीचा : सेरोटोनिन वाढवायला सर्पगंधा चूर्ण, रात्री झोपताना!

माझ्या यजमानांना पार्किन्सन आहे. काल सकाळी नणंदबाई तुमचं कात्रण आणि चूर्णाची डबी घेऊन हजर. "वहिनी, पेपरातच आलंय." डबी मी फडताळात वरच्या खणात टाकली, तर त्या चहा न घेताच गेल्या. त्यांनी मायेनं आणलं होतं, त्यांना काय बोलायचं? बोलायचं ते तुम्हाला.

सर्पगंधा रक्तदाब उतरवते, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ च्या निबंधापासून जगाला ठाऊक आहे. पण तिच्यातलं रेसरपीन हे द्रव्य मेंदूतलं सेरोटोनिन वाढवत नाही, उपसून रिकामं करतं. अमेरिकेत १९५५ सालीच हे सिद्ध झालं. पुढे १९५७ मध्ये स्वीडनच्या कार्लसन यांनी रेसरपीननं निपचित पडलेले ससे एल-डोपा, म्हणजे ज्यापासून मेंदू डोपामाइन हे हालचालींना लागणारं रसायन बनवतो ते द्रव्य, टोचून उठवले. आमच्या घरात दिवसातून अनेकदा गजर लावून दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचं मूळ तिथे आहे. त्याच घरात ही डबी!

सेरोटोनिन म्हणजे नुसता आनंद, हे तरी कुणी सांगितलं? मेंदूच्या देठातून त्याचे तंतू थेट बेसल गँग्लियात, म्हणजे हालचालींच्या कारभारात जातात. उंदरांमध्ये हे सेरोटोनिन नाहीसं केलं की तिथल्या पेशी सब्स्टन्स पी नावाचं न्यूरोपेप्टाइड, म्हणजे निरोप पोचवणारा प्रथिनाचा छोटा तुकडा, कमी बनवू लागतात. डोपामाइन गेलं तरी ते घटतं, एन्केफॅलिन हे दुसरं न्यूरोपेप्टाइड मात्र वाढतं. पार्किन्सनमध्ये डोपामाइनबरोबर सेरोटोनिनही कमी होतं. यजमानांचा हात थरथरायला लागला त्याच्या कितीतरी आधी ते गप्प झाले होते, झोप उडाली होती. तेव्हाच्या डॉक्टरांचं निदान काय, तर "रिटायर झालेत, भजनी मंडळात पाठवा." बेसूर माणसाला भजनी मंडळ! तेही करून पाहिलं.

तर कृपा करून दुरुस्ती छापा, आणि ती पुरवणीतच, चौकटीतच छापा. निविदांच्या खाली कोपऱ्यात नको. शिवाय गुलाबी रंगावर पांढरी बारीक अक्षरं छापायची ही काय नवी टूम? भिंगाशिवाय एक ओळ वाचवत नाही. तेवढं मात्र नणंदबाईंना चष्म्याविना वाचता आलं, हे आमचं नशीब.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, सातारा