सिकलसेलच्या उपचाराविषयी लेकीस पत्र

प्रिय सोनू,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तुमच्या मॅडमनी दोन विषय पुढे ठेवले आहेत, एक जनुक-संपादनाचा आणि दुसरा लिपिड नॅनोकणांचा, म्हणजे औषध पेशीपर्यंत नेणाऱ्या मेदाच्या अतिसूक्ष्म कणांचा, आणि त्यांतला दुसरा तुला 'नुसत्या मेदाच्या रसायनशास्त्राचा' वाटतो, असे तू लिहिले आहेस. माझे मत विचारलेस म्हणून सविस्तर लिहिते. मी संशोधक नाही. पण गडचिरोली जिल्ह्यातल्या या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सिकलसेलचे नमुने तपासण्यात माझी बहुतेक नोकरी गेली, आणि या आजारावर जगात जे काही नवे घडते ते मिळेल तिथून वाचत आले. त्या आधारावर मला असे वाटते की आपल्याकडच्या रुग्णाचे आज सर्वांत जास्त अडते आहे ते तुझ्या त्या दुसऱ्या विषयापाशी.

सिकलसेल ओळखायची सोल्युबिलिटी टेस्ट तू लहानपणी माझ्या टेबलाशी उभी राहून पाहिली आहेस. बोटातून घेतलेले थेंबभर रक्त सोडियम डायथायोनाइटच्या द्रावणात मिसळायचे, काही मिनिटे थांबायचे आणि ती नळी काळ्या रेघांच्या कागदासमोर धरायची. नळीतून रेघा स्पष्ट दिसल्या तर नमुना निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. मग इलेक्ट्रोफोरेसिस करून, म्हणजे विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून, एएस पॅटर्न की एसएस, म्हणजे वाहक की रुग्ण, ते ठरवायचे. डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेते, आणि ऑक्सिजन गेला की या आजारातले सदोष हिमोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिन एस, विरघळलेले राहत नाही, म्हणून ते द्रावण गढुळते. शरीरातही ऑक्सिजन सोडल्यावर हेच हिमोग्लोबिन गोठून त्याचे ताठ धागे बनतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांत फुटते.

याचे कारण फार पूर्वी कळलेले आहे. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखवले. आणि पुढे सात-आठ वर्षांतच व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो दोष नेमका कुठे आहे हेही शोधले. बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच काय तो फरक. मूळ इतक्या लवकर सापडूनही उपचाराला एवढा काळ का लागला, याचा विचार तुझ्या विषयाच्या विद्यार्थिनीने करावा असा आहे.

यातला एक टप्पा मला फार मोलाचा वाटतो, आणि तो तुझ्या पाठ्यपुस्तकात असेलच असे नाही. अमेरिकेतील विल्यम ईटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली दाखवले की ऑक्सिजन गेल्यावर धागे लगेच बनत नाहीत, आधी काही विलंब जातो. आणि हा विलंब हिमोग्लोबिनच्या संहतीवर इतका विलक्षण अवलंबून असतो की तो तिच्या जवळजवळ तिसाव्या घाताच्या प्रमाणात घटतो. पेशीत हिमोग्लोबिन किंचित दाट झाले तर विलंब कितीतरी घटतो, किंचित पातळ झाले तर कितीतरी वाढतो. तेवढ्या अवधीत पेशी बारीक वाहिनीतून सुटून फुप्फुसाकडे निघाली तर ती वाकतच नाही. हे वाचल्यावर मला आमच्या सिस्टर प्रत्येक एसएस रुग्णाला दर भेटीत सांगतात त्या 'पाणी भरपूर पीत जा' या वाक्याचा पूर्ण अर्थ लागला. शरीरातले पाणी घटले की पेशी सुकते, हिमोग्लोबिन दाट होते आणि विलंब संपतो. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेली माणसे दुखण्याने विव्हळत रुग्णालयात येतात, त्यामागेही हेच गणित असते. म्हणून पदार्थाचा, त्याच्या घनतेचा आणि गोठण्याचा अभ्यास हा या आजाराच्या बाहेरचा आहे असे समजू नकोस.

आता जनुक-संपादनाविषयी. नवजात बाळाच्या रक्तात विळ्याच्या पेशी फारशा आढळत नाहीत, हे जॅनेट वॉटसन यांनी १९४८ सालीच नोंदवले होते. बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन एफ असते आणि ते धागे बनू देत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत त्याची निर्मिती जवळजवळ थांबते. ती थांबवण्यात बीसीएल११ए या जनुकाचा मोठा वाटा आहे, हे २००८ साली बॉस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने दाखवले. मग जनुक हव्या त्या जागी कापणारी क्रिस्परची कात्री हाती आल्यावर रुग्णाच्याच रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींमध्ये या जनुकाचा एक नियंत्रक भाग कापून हिमोग्लोबिन एफ पुन्हा सुरू करता येऊ लागले. या उपचाराचे नाव कॅस्जेव्ही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेने त्याला मान्यता दिली. चाचणीत ज्यांची पुरेसा काळ पाहणी झाली होती अशा ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने तीव्र दुखण्याचा एकही क्रायसिस आला नाही. ज्याने आपल्या वॉर्डात क्रायसिसमधल्या मुलाचे कण्हणे ऐकले आहे, त्याला या दोन आकड्यांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. मी ती बातमी तुझ्या बाबांना मोठ्याने वाचून दाखवली होती.

पण उपचार प्रत्यक्ष होतो कसा, तेही पाहा. आधी रुग्णाला औषध देऊन अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी रक्तात आणायच्या आणि यंत्राने त्या वेगळ्या काढायच्या. पुरेशा मिळाल्या नाहीत तर पुन्हा तेच करायचे. त्या दूरच्या कारखान्यात जातात, तिथे संपादन आणि तपासणी होऊन परत यायला काही महिने लागतात. मग बुसल्फान या तीव्र औषधाने रुग्णाची उरलेली अस्थिमज्जा नष्ट करायची, संपादित पेशी शिरेतून सोडायच्या आणि नव्या पेशी रुजेपर्यंत त्याला कित्येक आठवडे रुग्णालयात संसर्गापासून जपायचे. बुसल्फानमुळे पुढे मूल न होण्याचा धोका असतो. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठरली, म्हणजे त्या वेळच्या दराने अठरा कोटी रुपयांहून जास्त. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तिथल्या मुलाला यातली कोणती पायरी जमेल, ते तूच सांग. या साऱ्या पायऱ्यांमध्ये कात्रीचे काम मोजकेच आहे. बाकीचा सगळा त्रास आणि बराचसा खर्च पेशी शरीराबाहेर काढून परत घालण्यापायी होतो.

कात्री शरीरात शिरून स्वतःच योग्य पेशीपर्यंत गेली, तर हे सगळे टळेल. असे होऊ शकते याचा पुरावा २०२५ साली फिलाडेल्फियात मिळाला. सीपीएस१ या विकराच्या जन्मजात अभावामुळे रक्तात अमोनिया साठत असलेल्या एका तान्ह्या बाळासाठी, रेबेका ॲरेन्स-निक्लस आणि किरण मुसुनुरू यांच्या गटाने त्याच्या एकट्याच्या जनुकदोषाला बेतलेले संपादक औषध सहा महिन्यांत तयार केले. त्याचा पहिला डोस फेब्रुवारीत शिरेतून दिला, नंतर आणखी दोन दिले. पेशी बाहेर काढाव्या लागल्या नाहीत, मज्जा नष्ट करावी लागली नाही. ते औषध यकृतापर्यंत नेले लिपिड नॅनोकणांनी, म्हणजे तू ज्यांना मेदाचे रसायनशास्त्र म्हणतेस त्यांनीच.

हा कण किती विचाराने घडवलेला असतो ते पाहा. त्यात साधारणपणे चार घटक असतात: आयनीभवन होऊ शकणारे लिपिड, फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल जोडलेले लिपिड. यातला पहिला मुख्य. रक्ताच्या सामूला तो उदासीन राहतो, म्हणून फारसा अपाय करत नाही. पण पेशीने कण गिळून आम्लधर्मी पिशवीत टाकला की तो धनभारित होतो, त्या पिशवीचे पटल विस्कटतो आणि आतला आरएनए पेशीद्रवात मोकळा करतो. असा भार बदलणारा रेणू शोधण्यात आणि सुधारण्यात व्हँकुव्हरच्या पीटर कलिस यांच्यासारख्या लोकांची अनेक वर्षे गेली. या कणांवर आधारलेले पहिले आरएनए-औषध, पॅटिसिरान, २०१८ साली मान्य झाले. त्यानंतर कोविडच्या एमआरएनए लसींनी हे कण जगभर नेले.

अडचण अशी की रक्तात सोडलेला साधा लिपिड कण यकृताकडेच ओढला जातो, कारण रक्तातले अपोलिपोप्रोटीन ई हे प्रथिन त्याला चिकटते आणि यकृताच्या पेशी ते ओळखून आत घेतात. त्या बाळाचा आजार यकृतातला होता, म्हणून त्याला हे सोयीचे ठरले. सिकलसेलसाठी कण अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींपर्यंत जायला हवा. २०२३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आणि फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयातील गटाने कणांवर मूळ पेशींवरचे सीडी११७ हे चिन्ह ओळखणारे प्रतिपिंड जोडले, जणू पाकिटावर पत्ता लिहावा तसे, आणि उंदरांच्या मूळ पेशींपर्यंत आरएनए पोहोचवून दाखवला. त्याच कणांतून पेशीमृत्यू घडवणाऱ्या प्रथिनाचा संदेश पाठवून बुसल्फानसारख्या औषधाशिवाय मज्जेत जागा करता येते, हेही त्यांनी दाखवले. हा शोधनिबंध मिळवून सावकाश वाच. उंदरापासून माणसापर्यंतचे अंतर मोठे आहे. किती टक्के मूळ पेशींत संपादन झाले म्हणजे पुरेल, कण चुकून दुसऱ्या अवयवात गेले तर काय होईल, पुन्हा डोस द्यावा लागला तर शरीर त्या प्रतिपिंडाला विरोध करील का, असे पुष्कळ प्रश्न उभे आहेत. मला वाटते, तुझ्या वयाच्या संशोधकाला हात घालण्याजोगे प्रश्न हेच आहेत.

सावधपणाही ठेव. व्होक्सेलोटोर हे सिकलसेलचे औषध २०१९ साली अमेरिकेत मोठ्या आशेने आले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते सुरक्षिततेच्या कारणाने जगभरातून मागे घेतले. त्याच काळात हायड्रॉक्सियुरियाची जुनी, स्वस्त कॅप्सूल हिमोग्लोबिन एफ वाढवून रुग्णांचे क्रायसिस कमी करत राहिली आणि आजही करते आहे. नव्याच्या ओढीत तिला कमी लेखू नकोस. आपल्याकडच्या रुग्णांत हिमोग्लोबिन एफ मुळात काहीसे जास्त आढळते, तरी विदर्भात गंभीर आजार असलेली मुले काही थोडी नाहीत, हे मी रोजच्या रजिस्टरवरून सांगू शकते.

आपल्या देशातही काम चालू आहे. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेने सिकलसेलसाठी स्वदेशी क्रिस्पर उपचार तयार केला, त्याला बिरसा मुंडांच्या नावावरून बिरसा १०१ असे नाव दिले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवल्याचे जाहीर झाले. इथे बनवल्याने किंमत किती उतरू शकते, याचे उदाहरण मुंबईतच आहे: आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून आलेल्या नेक्सकार१९ या रक्तकर्करोगावरच्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, आणि परदेशी उपचाराच्या मानाने त्याची किंमत फारच कमी ठेवता आली. तरीही ती सामान्य घराला झेपणारी नाही, कारण तिथेही प्रत्येक रुग्णाच्या पेशी बाहेर काढून, प्रयोगशाळेत बदलून परत घालाव्या लागतात. पेशी शरीरातच बदलता आल्या तरच खर्च आणखी खाली येईल असे मला वाटते, आणि म्हणून मी पुन्हा तुझ्या कणांपाशीच येते.

आणखी एक गोष्ट मात्र मॅडमना माझ्या वतीने विचार. परदेशातली एक एमआरएनए लस सुरुवातीला उणे ७० अंशांना ठेवावी लागत होती. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने २०२२ साली मान्यता मिळालेली आपली एमआरएनए लस गोठवून सुकवलेल्या रूपात आणली, त्यामुळे ती २ ते ८ अंशांना राहते. आमच्या लसीकरणाच्या खोलीतला आयएलआर, म्हणजे बर्फाचे अस्तर असलेला फ्रिज, तेवढेच तापमान राखतो आणि वीज गेली तरी काही तास ते टिकवतो. उणे ७० अंशांइतके थंड ठेवायची सोय तालुक्याच्या ठिकाणी मिळत नाही. प्रतिपिंड जोडलेले लिपिड कण असे सुकवले, तर पुन्हा पाण्यात मिसळल्यावर त्यांचा आकार आणि पत्ता ओळखण्याची क्षमता टिकते का, यावर तुमच्या प्रयोगशाळेत कोणी काम करते आहे का? करत नसेल, तर प्रकल्प म्हणून तोच प्रश्न घेता येईल का, ते विचारून मला कळव.

बाबांचे आशीर्वाद. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आई