विज्ञानाची पुस्तकं बालविभागातच का?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, एसटी स्टँडजवळ, वडिलांपासूनचं. हल्ली काम म्हणजे सेल बदला नाहीतर पट्टा बदला, त्यामुळे वेळ भरपूर आणि मी वाचत बसतो. गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयात विज्ञानाचं काही आहे का विचारलं तर मॅडमनी बालविभागाचं कपाट दाखवलं. मी म्हटलं मोठ्यांसाठी काही? तर स्पर्धा परीक्षांचं कपाट दाखवलं. अहो मॅडम मी ५९ वर्षांचा, मला आता कुठली परीक्षा द्यायचीय? हसल्या, म्हणाल्या काका मग कादंबरीच न्या ना.

नारळीकर सरांना २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्ष केलं तेव्हा केवढं कौतुक झालं, आणि आमच्याकडे त्यांची पुस्तकं अजून चित्रांच्या गोष्टींच्या शेजारी. मॅडमचा दोष नाही, वरून यादी येते तसं त्या लावतात. पण मोठ्या माणसाने सहज, आवडतं म्हणून विज्ञान वाचावं हे कोणाच्या डोक्यातच नाही, तुमच्या पेपरच्यासुद्धा, राग मानू नका.

मला ही गोडी लागली ती पुतण्यामुळे. त्याने पुण्याहून एक जुनं इंग्रजी पुस्तक आणलं, डेव्हा सोबेल बाईंचं 'लाँजिट्यूड' म्हणजे रेखांश, १९९५ सालचं. काका यात घड्याळजी आहे म्हणाला. मला मराठीत काही ते मिळालं नाही, मग मोबाईलवर शब्द बघत बघत चार महिन्यांत वाचलं. गोष्ट अशी की भर समुद्रात आपण पूर्व-पश्चिम कुठे आहोत हे जहाजवाल्यांना कळायचंच नाही, १७०७ मध्ये इंग्रजांच्या आरमाराची चार जहाजं सिली बेटांच्या खडकांवर फुटली, हजारावर खलाशी गेले, मग १७१४ मध्ये पार्लमेंटने २०,००० पौंडांचं बक्षीस लावलं. पृथ्वी ४ मिनिटांत एक अंश फिरते, म्हणजे निघालेल्या बंदराची वेळ दाखवणारं घड्याळ जहाजावर बरोबर चाललं तर सूर्य डोक्यावर आला की घड्याळात बघायचं आणि बारापासूनच्या फरकाच्या मिनिटांना चारने भागायचं, बंदरापासून किती अंश आलो ते कळतं, झालं काम! पण ४ मिनिटं चुकलं तर विषुववृत्तावर १११ किलोमीटर चुकले, आणि हलत्या जहाजात, थंडी-उन्हात तसं घड्याळ चालणार कसं? मोठमोठे ज्योतिषी, म्हणजे खगोलवाले हो, चंद्राची मापं घेत बसले आणि ते घड्याळ केलं जॉन हॅरिसन नावाच्या एका सुताराच्या पोराने.

इथे माझं स्वतःचं सांगतो. वडिलांनी शिकवलेलं, उन्हाळा आला की लंबकाची घड्याळं मागे पडतात, खालचा नट फिरवून गोळा जरा वर घ्यायचा. लोखंड तापलं की लांबतं हे शाळेत शिकलो होतो पण यावर कायमचा उपाय असेल हे डोक्यात आलं नव्हतं, मी आयुष्यभर नटच फिरवतोय. हॅरिसनने लंबकात पोलाद आणि पितळेच्या दांड्या अशा जोडल्या की एक खाली लांबते तेव्हा दुसरी वर उचलते आणि गोळा जागेवरच राहतो. ते वाचून मी दुकान अर्धा तास आधी बंद केलं, खरंच, काही सुचेना. पुढे त्याने दोन धातूंची जोडपट्टीही काढली, तीच पट्टी आपल्या इस्त्रीत टक्‌ करून करंट तोडते. तिसऱ्या घड्याळाला तर १९ वर्षं लागली त्याला. चौथं तळहातापेक्षा जरा मोठं, ते १७६१ मध्ये जमैकाला निघालं आणि तिथे पोचेपर्यंत जेमतेम ५ सेकंद मागे पडलं. तरी पैशासाठी त्याला ८० वर्षांचा होईपर्यंत झुलवलं, शेवटी राजालाच मधे पडावं लागलं. सरकारी बिलं तिकडेही अशीच निघायची म्हणजे.

अजून एक. आजोबा गिरणीत होते, ते सांगायचे मुंबईत १९५५ पर्यंत मुंबई टाइम वेगळा होता, स्टँडर्डच्या ३९ मिनिटं मागे. मला थाप वाटायची. पुस्तक वाचल्यावर पाकिटाच्या पाठीवर गणित केलं, प्रमाणवेळेचा रेखांश साडेब्याऐंशी, मुंबई पावणेत्र्याहत्तरच्या आसपास, फरक पावणेदहा, गुणिले चार, बरोबर ३९. आजोबा नाहीत आता, नाहीतर फोन केला असता.

सांगायचं एवढंच की अशी पुस्तकं शिकलेल्यांसाठीच असतात असं कोणी ठरवून टाकू नये. वेल्डर, वायरमन, फिटर यांना यातलं निम्मं हाताला माहीत असतं, त्यांच्यापर्यंत ते पोचत नाही इतकंच. मराठीत आणताना भाषाही जरा आमची ठेवा, बेअरिंगला 'धारवा' लिहिलं की मी दोन वेळा मागे जाऊन वाचतो, आणि आयुष्यभर बेअरिंगच बदललेत मी. चित्रं द्या, नुसता लेखकाचा फोटो नको, यंत्राचं आतलं चित्र. मागे सूची द्या, परत काही शोधायचं तर सगळं पुस्तक चाळावं लागतं. आणि तुम्ही रविवारी कादंबऱ्या, कवितासंग्रह यांची परीक्षणं छापता तशी महिन्यातून एकदा तरी या पुस्तकांची छापा, मुलांच्या पानावर नको, तिथेच, कवितासंग्रहाच्या शेजारी.

माझी कॉपी मी वाचनालयाला देऊन टाकली. मॅडमनी रजिस्टर उघडलं, बराच वेळ पेन हातात धरून बसल्या आणि मग 'इतर'मध्ये चढवली.

आपला,
एक घड्याळजी, सातारा जिल्हा