गुडघ्याशी भांडू नका, बाबा

चेंगदू (चीन), रविवार सकाळ

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईने हळूच सांगितलं, बाबा पुन्हा पाच किलोमीटर चालून आले आणि रात्री गुडघ्यावर बर्फ धरून बसले. मागून बाबांचा आवाज आला, "काही झालेलं नाही, सवय मोडता कामा नये." फोन ठेवल्यावर मला बराच वेळ झोप आली नाही. तेव्हा बोलता आलं नाही, ते आता लिहितेय.

बाबा, तुम्ही इथे आलात तेव्हा दूच्यांगयानला, तिथलं नदीचं पाणी शेतांकडे वळवणारं जुनं काम बघायला न्यायचं राहून गेलं, याची रुखरुख अजून आहे. गेल्या शनिवारी मी तिथे तिसऱ्यांदा गेले. इ. स. पूर्व 256 च्या सुमारास ली बिंग नावाच्या सुभेदाराने मिन नदीवर हे काम काढलं. त्याच पाण्यावर चेंगदूचं मैदान आजही भिजतं, आणि ली बिंगने तिथे धरण बांधलंच नव्हतं. नदीच्या मधोमध माशाच्या तोंडासारखा निमुळता बांध घालून त्याने पाण्याच्या दोन वाटा केल्या. आतली वाट शेतांकडे जाते, ती अरुंद आणि खोल. बाहेरची रुंद आणि उथळ. पाणी कमी असलं की दहातले सहा हिस्से आत येतात, पुरात तेच उलटं होऊन सहा हिस्से बाहेर निघून जातात. ही वाटणी पात्राचा उतार आणि खोलीच करते. बांधासाठी बांबूच्या लांबलचक टोपल्या विणून त्यांत नदीतले गोटे भरले, म्हणजे पाणी थोडं आरपार जातं आणि लाटेचा मार तिथेच मुरतो. पुढे डोंगर आडवा आला. सुरुंगाची दारू तेव्हा नव्हती, म्हणून कातळ जाळ करून तापवायचा आणि वर थंड पाणी ओतून तडकवायचा.

नदीकाठी ली बिंगचं देऊळ आहे, ते ताओ या इथल्या जुन्या पंथाचे पुजारी सांभाळतात. तिथे दगडात त्याच्या कामाचा नियम कोरलाय: गाळ खोल काढा, बांध बुटका ठेवा. तो वाचताना मला तुम्ही दिसलात. मी नववीत असताना तुम्ही मला जीपमधून पांझरा नदीवरचे, पाटाने शेतांच्या फडांना पाणी देणारे जुने बंधारे दाखवायला नेलं होतं. बंधाऱ्यावर उभं राहून म्हणालात, "नदीला अडवायचं नाही, तिला वळायला लावायचं." पाटबंधारे खात्यातल्या तीस वर्षांत तुम्ही पुष्कळ काँक्रीट ओतलंत, पण जीव त्या बुटक्या बंधाऱ्यांवरच होता.

मग स्वतःच्या गुडघ्यावर एवढी उंच भिंत का घालताय?

दूच्यांगयानच्या जवळच छिंगछेंग डोंगर आहे. दुसऱ्या शतकात चांग ताओलिंग नावाच्या गुरूने तिथे ताओची शिकवण दिली. 2000 साली युनेस्कोने हा डोंगर आणि ते पाटाचं काम एकाच नोंदीत जागतिक वारसा म्हणून घेतलं. मला ते अगदी योग्य वाटलं. ताओ पंथाचा मूळ ग्रंथ 'ताओ ते चिंग' लाओ त्स या ज्ञानी माणसाच्या नावावर आहे, त्याच्या 81 लहान प्रकरणांत पाणी पुन्हा पुन्हा येतं. पाणी सगळ्यांना जगवतं, कुणाशी झगडत नाही, लोक ज्या सखल जागा टाळतात तिथे जाऊन राहतं. एका प्रकरणात म्हटलंय की माणूस जन्मतो तेव्हा मऊ आणि लवचीक असतो, मरतो तेव्हा ताठ; झाडांचंही तसंच. ज्याला इथे 'वू-वेई', म्हणजे जोर न लावता करणं, म्हणतात ते हातावर हात ठेवून बसणं नव्हे. तुमचा पाटकरी काय करायचा? पाणी कुठे जायला बघतंय ते ओळखून फावड्याने एक ढेकूळ इकडचं तिकडे करायचा. तेवढंच, पण वेळेवर.

आमच्या इमारतीखाली रोज सकाळी दहा-बारा म्हाताऱ्या बादुआनजिन नावाचा संथ व्यायाम करतात. आठच हालचाली. पहिलीत दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफून, तळवे वर करून आभाळ उचलल्यासारखे हात ताणायचे. पुढे एकीत धनुष्य ओढल्याचा आविर्भाव असतो. त्यांच्यातल्या एका आजींचा गुडघा बाबांसारखाच आहे. त्या जेमतेम चार बोटं वाकतात आणि तिथेच थांबतात. मी जोर लावून खाली बसायला गेले तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मान-मान लाई." सावकाश होऊ दे. जेवढं जमतं त्यातलं थोडं राखून ठेवायचं, असं त्या सांगतात. ताई-चीसारख्या संथ व्यायामाने म्हाताऱ्या माणसांचं पडणं कमी होतं, हे आता डॉक्टरही मानतात. बाबा, मला भीती आहे ती तुमच्या पडण्याचीच.

आई, आता तुझ्याबद्दल. पेला काठोकाठ भरत राहण्यापेक्षा वेळीच थांबावं, असं त्याच प्रकरणांत आहे, आणि ते वाचताना मला रात्री साडेअकराला ओटा पुसणारी तू दिसतेस. सगळ्यांचं होईपर्यंत तू बसत नाहीस. चाकाच्या तुंब्यात भोक असतं म्हणून चाक फिरतं, घरात मोकळी जागा असते म्हणून घरात राहता येतं. तुझ्या दिवसात तशी जागाच उरलेली नाही. दुपारी दोन ते चार दार लोटून घे. फोन बाबा घेतील.

एक मात्र ऐका. ताओच्या नावाने कुणी चूर्ण, गोळ्या पाठवल्या तर घेऊ नका. अमर होण्याच्या नादात पारा आणि हिंगूळ घातलेल्या गोळ्या खाऊन चीनच्या तांग घराण्यातले सम्राट दगावले आहेत. रक्तदाबाची गोळी चालूच राहू दे, आणि डॉक्टरांना विचारूनच चालणं किती ते ठरवा. मला वाटतं, सध्या कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत जाऊन परत यावं, बास.

रविवारी तुमचे सकाळचे सात वाजले की माझे साडेनऊ झालेले असतात. तेव्हा व्हिडिओ कॉल करते. बाबा, हात नसलेली खुर्ची खिडकीपाशी ओढून ठेवा, पहिली हालचाल बसूनच करू. आई, तूही शेजारी बस. पोहे नंतर.

तुमची,
ताई